स्पोर्ट्स चॅनलमधली नोकरी गेली. कागदावर सही करू का? आणि याच कामात राहू का?

रिप्ले_ग्रीन

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका शहरात राहते. इथल्या एका रीजनल स्पोर्ट्स चॅनलमध्ये चौदा वर्षं रिप्ले ऑपरेटर होते. गेल्या मंगळवारी नोकरी गेली. साडेनऊला निरोप आला की दहाला सगळ्यांनी मीटिंगला यायचं. स्क्रीनवर एचआरच्या दोघी आणि आमचे मोठे साहेब. साहेबांनी कागदावरून वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडकला, म्हणून त्यांच्यावर राग धरवत नाही. सगळं अकरा मिनिटांत संपलं. आमच्या ठिकाणची ३१ माणसं. बारा वाजता ईमेल बंद झाला आणि माझा हेडसेट तिथेच राहिला. तो माझा स्वतःचा होता, पहिल्या वर्षी पैसे साठवून घेतलेला. परवा एका मुलाने घरी आणून दिला.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते. मैदानात आठ-नऊ कॅमेरे असतात, त्यातले काही माझ्या मशीनवर सतत रेकॉर्ड होत असतात. समजा खेळाडू होम प्लेटकडे झेपावला, अंपायरने आउट दिलं, सगळं स्टेडियम ओरडतंय. त्या चार-पाच सेकंदांत कुठल्या कॅमेऱ्यात त्याचा हात आणि ग्लोव्ह दोन्ही दिसतात ते मला शोधायचं असतं, मागे जायचं असतं आणि डायरेक्टर ‘रोल ग्रीन’ म्हणाला की लिव्हरवर हात ठेवून बरोबर वेगाने सोडायचं असतं. मशीनना रंगांची नावं असतात. चौदा वर्षं मी ग्रीन होते. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या ट्रकमधल्या निम्म्या लोकांना माझं खरं नाव उच्चारता यायचं नाही, पण ‘ग्रीन’ म्हणताना त्यांच्या आवाजात जो विश्वास असायचा तो मला पुरायचा. टेप जाऊन जमाना झाला तरी आमच्या खोलीला अजून टेप रूमच म्हणतात.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा बेसबॉल म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. घरी क्रिकेट, तेही दूरदर्शनवर. कम्युनिटी कॉलेजात व्हिडिओचा कोर्स केला, केबल उचलण्यापासून सुरुवात केली. मोसमात १६२ सामने असतात आणि त्यातले बहुतेक आमच्याच चॅनलवर. एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी घरी जेवल्याचं मला आठवत नाही. मुलगी लहान असताना तिला फोनवर झोपवायचे, तेही तिसऱ्या आणि चौथ्या इनिंगच्या मधल्या दोन मिनिटांत.

एक प्रसंग सांगते, कारण माझा प्रश्न त्यातूनच येतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका पिचरचा हात चेंडू सोडताना नेहमीपेक्षा खाली येतोय असं मला वाटायला लागलं. एक सामना, दुसरा, तिसरा. मी मे महिन्यातली त्याची एक क्लिप जपून ठेवली होती. ती आजच्या क्लिपच्या शेजारी लावून प्रोड्यूसरला दाखवली. त्याने ती थेट प्रक्षेपणात दाखवली आणि समालोचकांनी त्यावर पूर्ण इनिंगभर बोलणं केलं. पुढच्याच आठवड्यात तो पिचर कोपराच्या दुखापतीने यादीबाहेर गेला. मला त्याचा आनंद झाला नाही, त्याच्या आईला आम्ही ओळखायचो. पण हे मला दिसलं, कारण त्याचा प्रत्येक चेंडू मी वर्षानुवर्षं मागे-पुढे करून पाहिला होता.

आता विचारते.

कंपनीने चौदा आठवड्यांचा पगार देऊ केला आहे, त्यासोबत एक जाड करार आहे. ४५ दिवसांत सही करा असं लिहिलंय, पण फोनवर बाई म्हणाल्या, “लवकर केलीत तर पैसे लवकर मिळतील.” मी ४७ वर्षांची आहे. करू का सही?

दुसरं, मला हे खरंच समजून घ्यायचं आहे. एनबीए या बास्केटबॉल लीगचे प्रक्षेपण हक्क अब्जावधींना विकले जातात, एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे त्याहून जास्त. खेळ बघणारे कमी झालेले नाहीत. मग पडद्यामागे काम करणारी आम्ही माणसंच का नको झालो?

आणि तिसरं. याच कामात राहू, की वय आहे तोवर दुसरं काही शिकू? नवरा म्हणतो तुला हवं ते कर. त्याला माहीत आहे मला काय हवंय, म्हणूनच तो जपून बोलतो.

---

जुना_ट्रकवाला

ताई, वाचून पोटात गोळा आला. मी ऑडिओवाला. बावीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली नऊ एका चॅनलच्या पगारावर आणि बाकीची फ्रीलान्स. २०१७ साली माझ्यावरही हीच मीटिंग आली होती, फक्त माझी खोलीत झाली. म्हणून आधी कागदांचं बोलतो.

आज सही करू नका. तुम्ही चाळिशीच्या पुढच्या आहात आणि एका वेळी अनेकांना काढलं आहे. अशा वेळी वयावरून भेदभावाचा दावा तुम्ही सोडून देताय असं कंपनीला लिहून हवं असेल, तर इथल्या फेडरल कायद्याप्रमाणे विचाराला किमान ४५ दिवस द्यावेच लागतात. ते त्यांचे उपकार नाहीत. सही केल्यावरही ७ दिवस ती मागे घेता येते. आणि करारासोबत एक यादी जोडलेली असायला हवी: तुमच्या गटात कुठल्या पदाच्या, किती वयाच्या माणसांना काढलं आणि कुणाला ठेवलं. नावं नसतात, फक्त पद आणि वय. बहुतेक लोक ते पान उलटतात. तुम्ही उलटू नका. नोकरीचे खटले बघणाऱ्या वकिलाला तासाभराची फी देऊन ते पान दाखवा.

बेकारी भत्त्याचा अर्ज आजच टाका. सेव्हरन्समुळे, म्हणजे त्या चौदा आठवड्यांच्या पगारामुळे, तो पुढे ढकलला जातो की नाही हे राज्याराज्यावर आहे, ते त्यांना ठरवू दे. विम्याचं: कोब्रा कायद्याखाली नोकरीतला तोच आरोग्य विमा साधारण १८ महिने ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता तुमच्या खिशातून आणि वर २ टक्क्यांपर्यंत जास्त. निवड करायला ६० दिवस असतात आणि निवडला की तो पहिल्या दिवसापासून लागू धरतात. त्याच ६० दिवसांत सरकारी मार्केटप्लेसवरचा विमाही बघून घ्या, नवऱ्याच्या नोकरीचा असेल तर तोही. साठ दिवसांची आगाऊ नोटीस देणारा जो वॉर्न कायदा आहे तो एका ठिकाणी ५० माणसं गेली तर लागतो. तुमची ३१ आहेत, म्हणजे फेडरल कायदा बहुधा लागणार नाही. पण काही राज्यांचे स्वतःचे कायदे जास्त कडक आहेत, वकिलाला हेही विचारा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हा प्रश्न मी कित्येक रात्री छताकडे बघत स्वतःला विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला पगार खेळ बघणाऱ्यांच्या पैशातून होत नव्हता. तो न बघणाऱ्यांच्या पैशातून होत होता. केबलचं बंडल म्हणजे काय, तर शंभर-दीडशे चॅनल एकत्र घ्यायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांचे पैसे भरायचे. जिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, फक्त बातम्या आणि स्वयंपाकाचे कार्यक्रम बघते, त्या आजींच्या बिलातूनही दर महिन्याला स्पोर्ट्स चॅनलला ठरलेले डॉलर जायचे. ईएसपीएन १९७९ मध्ये कनेटिकटच्या ब्रिस्टल गावात सुरू झालं आणि पुढे सगळ्यात जास्त दर त्यांचाच होता. गेल्या काही वर्षांत तो घरामागे महिना ९ डॉलरच्या आसपास गेल्याचे अंदाज आहेत. २०११ च्या सुमाराला ते १० कोटी घरांत होतं, आज ७ कोटींच्या खाली आहे. गणित मांडा: ३ कोटी घरं, ९ डॉलर, १२ महिने. वर्षाला सव्वातीन अब्ज डॉलर. केबल सोडणाऱ्यांत खेळाचे शौकीनही होते, पण त्या आजीही गेल्या, आणि त्या परत कधी येणार नाहीत. खेळाचा शौकीन ॲप घेईल. आजी कशाला घेतील?

२०१५ च्या ऑगस्टमध्ये ईएसपीएनची मालक असलेल्या डिस्नेच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांपुढे पहिल्यांदा कबूल केलं की ईएसपीएनची घरं थोडी कमी झाली आहेत. त्याबरोबर सगळ्या मीडिया कंपन्यांचे शेअर कोसळले. त्याच ऑक्टोबरात ईएसपीएनने सुमारे ३०० जणांना घरी पाठवलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये सुमारे १००, त्यात रोज पडद्यावर दिसणारे चेहरे होते. त्याच नोव्हेंबरात आणखी १५० च्या आसपास, बहुतेक स्टुडिओ आणि तांत्रिक बाजूचे. २०२० च्या नोव्हेंबरात ३०० माणसं गेली आणि २०० रिकाम्या जागा कायमच्या पुसल्या. २०२१ संपताना एनबीसीने आपलं एनबीसीएसएन हे अख्खं चॅनलच बंद केलं.

आता दुसरी बाजू. उत्पन्न आटत असताना हक्कांचे करार मात्र वाढतच गेले, कारण थेट सामना ही एकच गोष्ट उरली आहे जी लोक त्याच क्षणी बघतात. २०२१ मध्ये एनएफएलने २०२३ पासूनचे ११ वर्षांचे करार केले, मिळून १०० अब्जांच्या वर. २०२४ मध्ये एनबीएने ११ वर्षांचे सुमारे ७६ अब्जांचे केले आणि त्यात ॲमेझॉन आलं. लीगचा हप्ता चुकवता येत नाही, चुकवला तर सामनाच जातो. उपग्रह, फायबर, इमारत, कुठेच फार कापता येत नाही. कापता येण्यासारखं एकच खातं उरतं, ते म्हणजे आपण. ताई, तुमच्या कामात काहीही कमी नव्हतं. हिशेबात तुमची ओळ तेवढी खोडता येण्याजोगी होती.

रीजनल चॅनलवर तर याच गोष्टीचा घाव दुप्पट बसला. समजा एका शहरात दहा लाख घरं महिना ५ डॉलर देतात. वर्षाला ६ कोटी. त्या भरवशावर चॅनल टीमशी वीस वर्षांचा करार करतं, दर वर्षी वाढणाऱ्या रकमेचा. घरं सहा लाखांवर आली की हातात ३ कोटी ६० लाख. टीमचा हप्ता मात्र वर चाललेला. २०१९ मध्ये सिंक्लेअर या टीव्ही कंपनीने फॉक्सची २१ रीजनल चॅनलं जवळजवळ १० अब्जांना घेतली, तीही बहुतेक कर्जावर. त्याच वर्षी डिश या उपग्रह-टीव्ही कंपनीने ती दाखवणं थांबवलं, २०२० मध्ये यूट्यूब टीव्ही आणि हुलूने. मार्च २०२३ मध्ये ती चॅनलं चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ८ अब्जांहून जास्त कर्ज घेऊन दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती. माझे किती मित्र त्या आठवड्यात एकमेकांना फोन करत होते ते मला माहीत आहे. सामना आहे का, पैसे मिळणार का, एवढेच दोन प्रश्न.

पण आता जे सांगतो ते नीट वाचा. ३१ मे २०२३ रोजी सॅन डिएगोच्या पाद्रेस या बेसबॉल टीमचे सामने त्या चॅनलकडून सुटले आणि मेजर लीग बेसबॉलने स्वतः दाखवायला घेतले. त्या दिवशी सामना झाला का? झाला. समालोचक तेच होते. कॅमेरे लागले, रिप्ले फिरले. सामना दाखवायला माणसं लागतातच, मालक कुणीही असो. गेलं ते सामन्याच्या आजूबाजूचं: आधीचा अर्धा तास, नंतरचा अर्धा तास, आठवड्याचा कार्यक्रम, एडिटची खोली, संग्रह सांभाळणारा माणूस, रोजचा पगार.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: तुमचं काम शिल्लक आहे, तुमची नोकरी शिल्लक नाही. लीग, ॲमेझॉन, फुकट दिसणारी स्थानिक स्टेशनं, कुणीही सामना घेतला तरी ट्रकमध्ये बसायला क्रूअर, म्हणजे सामन्यासाठी माणसं गोळा करणारा, तुमच्याच शहरात फोन फिरवणार. युनियनच्या हद्दीत असाल तर आयएत्से या पडद्यामागच्या कामगारांच्या युनियनच्या स्थानिक शाखेला आधी भेटा, फ्रीलान्स क्रीडा-तंत्रज्ञांचे दर त्यांनी बऱ्याच शहरांत बांधून घेतलेत.

एक अडचण लपवत नाही. रेमी, म्हणजे दुरून केलेलं प्रक्षेपण. २०२० च्या साथीत सुरू झालेलं बरंचसं तसंच राहिलं: मैदानात फक्त कॅमेरे आणि दोन-चार माणसं, बाकी सगळं दूरच्या कंट्रोल रूममधून. तुमच्या शहरातला सामना रिप्ले करणारा माणूस एक हजार मैलांवर बसलेला असू शकतो. त्याला मे महिन्यातली ती क्लिप माहीत नसेल. तुम्ही विचारलंत ना आम्ही नको का झालो? त्या क्लिपची किंमत कुठल्याच हिशेबात लिहायची सोय नाही, म्हणून.

---

केबल_सोडलेला

मी या धंद्यातला नाही, आयटीतला आहे, न्यू जर्सीत. २०१८ मध्ये केबल बंद केली. बिल महिना १८० डॉलरवर गेलं होतं आणि घरात बघत होतो ते चार चॅनल. तेव्हा वाटलं होतं की कंपनीला धडा शिकवला. ताईंची पोस्ट वाचल्यावर पहिल्यांदा जाणवलं की तो धडा ट्रकपर्यंत गेला.

आता मला एकाच लीगचे सामने बघायला तीन ॲप लागतात. गुरुवारचा एनएफएल ॲमेझॉनवर, ख्रिसमसचा नेटफ्लिक्सवर, जानेवारी २०२४ चा एक प्लेऑफ तर फक्त पीकॉकवर होता. ऑगस्ट २०२५ पासून ईएसपीएन स्वतःचं ॲप महिना ३० डॉलरला देतंय. बेरीज केली तर तीही बरीच होते. पण मोसम संपला की मी सगळी बंद करतो, आणि माझ्यासारखे लाखो बंद करत असणार. केबल तशी कुणी बंद करायचं नाही.

ताई, यावर काय बोलावं कळत नाही. वाईट वाटलं, एवढंच.

---

रिप्ले_ग्रीन

@केबल_सोडलेला, दादा, वाईट वाटून घेऊ नका. १८० डॉलर म्हणजे कुणाच्या तरी आठवड्याचं वाणसामान. आम्हीसुद्धा घरी केबल ठेवली ती मला चॅनलकडून फुकट होती म्हणून.

@जुना_ट्रकवाला, ते यादीचं पान सापडलं. शेवटून दुसरं. अजून समजावून घेतेय. तुम्ही न बघणाऱ्या आजींचं लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. चौदा वर्षं मला वाटायचं, मी या शहरातल्या शौकिनांसाठी काम करते आणि तेच मला पोसतात.

---

साठ_दिवस

ताईंच्या धाग्यात माझाही प्रश्न घालतो, माफ करा. मीही याच धंद्यात, एका मोठ्या स्पोर्ट्स नेटवर्कच्या स्ट्रीमिंग विभागात डेटा इंजिनियर. आमच्याकडे कोण किती वेळ बघतं ते मोजायचं काम होतं. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच वाटायचं की केबल बुडाली तरी आम्ही सुरक्षित, कारण भविष्य आमच्याच बाजूला. दोन आठवड्यांपूर्वी काढलं. एच-१बी हा कामाचा व्हिसा आहे, बायको डिपेंडंट, मुलगा दुसरीत. नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळतात ते ६० दिवस कधीपासून मोजायचे? सेव्हरन्सचे आठवडे त्यात धरतात का?

---

जुना_ट्रकवाला

@साठ_दिवस, हे इमिग्रेशन वकिलालाच विचारा, पण धोका कुठे आहे तेवढं सांगतो. घड्याळ नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून सुरू होतं, सेव्हरन्स संपल्यापासून नाही. ६० दिवस किंवा तुमच्या आय-९४ वरची (देशात राहण्याच्या परवानगीची) तारीख, यातलं जे आधी येईल ते. म्हणून कागदावर ‘शेवटचा दिवस’ कुठला लिहिला आहे ते आधी बघा, आणि तो पुढे ढकलता येतो का हे आत्ताच मागा. पगाराच्या यादीवर नुसतं नाव ठेवून काम न देण्याने वेळ मिळतो की नाही यावर वकिलांची मतं वेगळी आहेत, तेवढ्यावर विसंबू नका. नव्या कंपनीचा अर्ज मुदतीच्या आत दाखल व्हायला हवा, मंजूर नव्हे. तुमचं शिक्षण खेळाला बांधलेलं नाही. बँक, हॉस्पिटल, विमा, सगळीकडे अर्ज टाका. खेळाकडे नंतर परत येता येईल.

---

कॅम्पस_कंट्रोलरूम

ताई, मी पुण्याची, इथे दक्षिणेत एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात व्हिडिओचं काम बघते. आधी चॅनलमध्ये एडिटर होते, तेव्हा आमच्या हायलाइटच्या खोलीत सात जण होतो, मी निघाले तेव्हा दोघं.

जुना_ट्रकवाला दादांनी एक बाजू राहू दिली ती सांगते. विद्यापीठांच्या सामन्यांची चॅनलं आहेत ना: एसईसी नेटवर्क २०१४ मध्ये सुरू झालं, एसीसी नेटवर्क २०१९ मध्ये. या दोन्ही वेळी विद्यापीठांना आपापल्या आवारात कंट्रोल रूम बांधाव्या लागल्या, कारण सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, कुस्ती, जिम्नॅस्टिक असे शेकडो सामने तिथूनच तयार होऊन जातात. आमच्याकडे रिप्लेची खरी मशीनं आहेत आणि ती चालवतात वीस वर्षांची पोरं. हुशार आहेत, पण त्यांना शिकवणारं माणूस मिळत नाही. गेल्या वर्षी मी तीन महिने एक जागा भरू शकले नाही.

पगार कमी आहे, तुमच्या फ्रीलान्स दिवसाच्या दरापुढे नक्कीच कमी. पण विमा आहे, पेन्शन आहे, मुलीची फी काही ठिकाणी माफ होते, आणि रात्री साडेनऊला घरी असते. तुम्ही चौदा वर्षं जे फोनवर केलंत ते मी समोर बसून करते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. आणि तुम्ही त्या पिचरच्या दोन क्लिप शेजारी लावल्यात ना, ते मी उद्या माझ्याकडच्या या पोरांना सांगणार आहे. कुठलं बटण दाबायचं हे त्यांना आठवड्यात येतं. कुठली क्लिप जपून ठेवायची, हे कसं शिकवायचं ते मला अजून जमलेलं नाही.

---

रिप्ले_ग्रीन

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

वकील बाईंना भेटले. त्यांनी ते वयाचं पान दहा मिनिटं वाचलं, पेन्सिलने खुणा केल्या. खटला लढवण्याइतकं त्यात नाही असं त्यांचं मत पडलं, पण त्यांनी कंपनीला एक पत्र पाठवलं. चौदा आठवडे तेवढेच राहिले, विम्याचे तीन महिने मात्र आता कंपनी भरणार आहे. एक अटही काढून घेतली: वर्षभर दुसऱ्या कुठल्या क्रीडा प्रक्षेपणात काम करायचं नाही अशी ओळ आत होती. मी करार दोनदा वाचला होता आणि ती माझ्या नजरेतून सुटली होती. फोनवरच्या बाईंचं ऐकून पहिल्या आठवड्यात सही केली असती, तर आज हे पुढचं लिहिता आलं नसतं. सही काल केली. सात दिवस मोजते आहे.

@कॅम्पस_कंट्रोलरूम, ताई, तुमच्याकडे यायचं तर घर हलवावं लागेल, मुलीची अकरावी आहे. पण इथून चाळीस मैलांवरच्या विद्यापीठाला मी पत्र लिहिलं आहे, तुमच्या पोस्टमधलीच वाक्यं वापरून. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायला येता का असं विचारलंय. येते म्हणून कळवलं. पहिल्या दिवशी काय शिकवायचं ते ठरवलंय: मशीनला हात न लावता एकाच पिचरचे चाळीस चेंडू नुसते बघायचे.

@जुना_ट्रकवाला, दादा, काल क्रूअरचा फोन आला होता. शनिवारचा सामना, बाहेरून येणाऱ्या टीमचं प्रक्षेपण, ट्रक इथल्याच मैदानात. कॉल टाइम, म्हणजे हजेरी, सामन्याच्या सहा तास आधी. रेमी नाही, पूर्ण ट्रक. ग्रीन दिला गेलाय, मला ब्लू देतात. त्यांनी माझा दर विचारला आणि मी गप्प झाले, कारण चौदा वर्षांत मला कुणी तो विचारलाच नव्हता. उद्या सकाळी कळवते म्हटलं. काय सांगू?

---

जुना_ट्रकवाला

दर तुम्ही सांगू नका, आधी त्यांना विचारा की तुमच्या शहरात रिप्लेचा दहा तासांचा दिवस कितीला धरतात. आकडा आला की तोच घ्या, त्याखाली एक डॉलरही नाही. पहिल्या दिवशी स्वस्तात गेलात तर तोच दर चिकटतो. दहा तासांनंतर ओव्हरटाइम दीडपट आहे का, जेवणाची सुट्टी चुकली तर पेनल्टी देतात का, पार्किंग कोण भरतं, हे तिन्ही लिहून मागा. डब्ल्यू-२ वर (पगारी म्हणून) घेतात की १०९९ वर (कंत्राटी म्हणून) तेही विचारा, १०९९ असेल तर कर तुमचा तुम्हाला भरावा लागतो.

सात दिवस कुठल्या वारी संपतात? शनिवारच्या आत संपत नसतील, तर कामावर जाण्याआधी वकील बाईंना एक फोन करा.

आणि स्वतःचा हेडसेट न्या. ट्रकमधले कानाला दुखतात.

---

रिप्ले_ग्रीन

गुरुवारी संपतात. हेडसेट पिशवीत टाकला.